आधी कोर्टाची पायरी, मग वर्ग

अशोक चौकातून एका वडिलांनी लिहिलंय: 'मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कौटुंबिक आणि इमिग्रेशन कायद्याची प्राध्यापक होईन म्हणते. मी यंत्रमागावर हयात घालवली, घरी आम्ही तेलुगू बोलतो. सोलापुरात इमिग्रेशनचा खटला कोण घेऊन येणार? यात पोट भरेल का?'

नमस्कार. तिचे हे दोन विषय एकाच घरात भेटतात. आपल्याकडची मुलगी लग्न करून अमेरिकेला जाते, तेव्हा बहुधा नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर जाते. घटस्फोट झाला की तिचा तो आधार तुटतो. नवऱ्याने तिकडे घटस्फोट मिळवला, तर इथे तिचं लग्न टिकलं की मोडलं? १९९१ च्या नरसिंह राव विरुद्ध वेंकटलक्ष्मी या निकालात हाच पेच होता. लग्न तिरुपतीला झालेलं, घटस्फोट मिसुरीत. ज्या कायद्याने लग्न झालं त्यात नसलेल्या कारणावरचा आणि बायकोने न स्वीकारलेला तो निवाडा सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. मुलाच्या ताब्याचं तर आणखी अवघड. एका पालकाने परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे मूल इकडे आणलं गेलं की मुलाचं हित कशात आहे हे इथलं कोर्ट ठरवतं. असं भांडण शेवटी माहेरच्या गावी येतं, आणि ते गाव सोलापूरही असू शकतं.

शिवाय १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परकीय नागरिकांसाठी नवा कायदा लागू झालाय. १९२० पासूनचे चार जुने कायदे त्याने मोडीत काढले. तो नीट शिकवणारी माणसं आता लागतील.

पोटाचं मात्र स्पष्ट सांगतो. सहायक प्राध्यापक व्हायला एलएलएम या कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. एवढं करूनही कायम जागा कमी निघतात. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून माझा आग्रह आहे, सनद घेऊन, बार परीक्षा देऊन तिने आधी काही वर्षं वकिली करावी. पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, पण वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. हा क्रम धरला तर दोन्ही दारं उघडी राहतात.

कौटुंबिक न्यायालयात वकील उभा करण्याचा हक्क पक्षकाराला आपोआप मिळत नाही, परवानगी लागते. १९८४ च्या कायद्यातलं हे कलम पाठ करणं सोपं आहे. वकिलाविना उभ्या राहिलेल्या बाईची घालमेल मात्र तिथे बसल्याशिवाय कळत नाही. आणि ती बाई आपलं दुःख तेलुगूत सांगत असेल, तर तुमच्या घरची भाषा ही तुमच्या लेकीची मोठी पुंजी आहे. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी एका गल्लीत नांदणाऱ्या गावात हे कुठल्याही पदवीइतकंच मोलाचं.

परदेशातल्या एलएलएमसाठी घर गहाण टाकू नका. नुसत्या त्या पदवीवर तिकडे वकिली करता येत नाही, तिथली वेगळी सनद लागते.

परीक्षा संपली की तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तिथल्या वकिलांबरोबर चार महिने काम करू द्या आणि मग मला पुन्हा पत्र लिहा. शक्यतो तिलाच लिहू द्या.