आधीपासून ॲप भरलेली नसतील आणि कुठल्याच कंपनीच्या ताब्यात नसेल असा स्मार्टफोन मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की नवा फोन घेतला आणि पहिल्याच दिवशी त्यात न मागितलेली वीसेक ॲप निघाली, निम्मी तर काढताच येत नाहीत, मग पूर्ण कोरा फोन कुठे मिळेल. सरळ सांगतो, दुकानात तयार असा मिळत नाही, निदान आमच्या नाशिकच्या एमजी रोडवर मी तरी अजून बघितलेला नाही. पण बरंच काही आपल्या हाताने करता येतं. हे सगळं मी वडिलांच्या फोनमुळे शिकलो म्हणून आधी ते सांगतो.

नानांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षाची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना साडेदहा हजारांचा फोन घेऊन दिला, कंपनीचं नाव घेत नाही, त्या किमतीत बहुतेकांचं तसंच असतं. तर लॉक स्क्रीनवर रोज नवीन फोटो, त्याच्याखाली बातमी, आणि बागेत काम करताना घाईघाईत अंगठा जरा इकडेतिकडे लागला की थेट जाहिरात उघडणार. एकदा असंच कुठल्यातरी कर्ज देणाऱ्याच्या पानावर पोचले आणि आधार नंबर टाकत होते, आईने हटकलं म्हणून राहिलं. मी विचारलं तर म्हणाले, "मी काही दाबलं नाही रे, ते आपोआप येतं." त्यांना वाटत होतं आपल्यालाच फोन वापरता येत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हतीच, फोनच तसा बनवलेला होता. त्या रात्री बसून मोजली, ३८ ॲप, आणि नाना वापरायचे ५, त्यातलं हवामानाचं मी टाकलेलं.

हे असं का होतं तर स्वस्त फोनमध्ये कंपनीला सुटतं कमी, मग ॲपवाल्यांकडून पैसे घेऊन त्यांची ॲप आधीच भरून देतात, जाहिराती दाखवतात. ही ॲप फोनच्या सिस्टिमच्या भागात ठेवलेली असतात, तिथे आपल्याला हात लावता येत नाही, म्हणून अनइन्स्टॉलच्या जागी फक्त डिसेबल दिसतं, कधी तेही नाही.

दुसरा थर गूगलचा. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, कोणीही घ्यावा, पण प्ले स्टोअर खुलं नाही, आणि ते हवं असेल तर फोन कंपनीला सर्च, क्रोम वगैरे सगळा गठ्ठाच घ्यावा लागायचा. याच्यावरच भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड लावला, युरोपने तर त्याच्या आधी २०१८ मध्येच ४३४ कोटी युरोचा लावला होता. आयोगाने असंही सांगितलेलं की गूगलची आधीपासून भरलेली ॲप ग्राहकाला काढता आली पाहिजेत. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला पण नेमका हा आदेश रद्द झाला. मला तो निकाल पटत नाही. डिसेबल करता येतं ना, मग काढायचं कशाला, हे म्हणणं ज्याने ६४ जीबीचा फोन भरलेला बघितलाय त्याला पटणार नाही.

आणि फक्त कंपन्याच असं करतात असंही नाही. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने आदेश काढला की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच टाकून द्यायचं, ९० दिवसांत. खूप ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. संचार साथी वाईट नाही हां, फोन हरवला तर ब्लॉक करायला चांगलंय, मी स्वतः लोकांना सांगतो. पण मी माझ्या मनाने टाकणं वेगळं आणि पाकिटातून भरून येणं वेगळं.

आता तुम्ही काय करायचं ते. नवीन फोन सुरू करताना घाई करू नका, 'शिफारस केलेली ॲप' म्हणून एक पान येतं तिथल्या सगळ्या टिक काढा, लॉक स्क्रीनवरचे बदलते फोटो सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. एवढ्याने अर्धा त्रास जातो. मग सेटिंगमध्ये फोनची माहिती, तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा दाबलं की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करायचं, केबल लावून कॉम्प्युटरवरून एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणारं अँड्रॉइडचं साधन) ज्या ॲपला अनइन्स्टॉल बटणच नाही तेही तुमच्यापुरतं काढता येतं. कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड ११ पासून पुढच्या फोनवर शिझुकू आणि कँटा ही दोन ॲप मिळून हेच काम करतात. मूळ फाइल सिस्टिममध्ये राहतेच, त्यामुळे जागा फार सुटत नाही आणि फॅक्टरी रिसेट केलं की सगळं परत येतं, कधी अपडेटनंतरही काही येतात, पण तोपर्यंत ते चालू होत नाही, मागून डेटा खात नाही, नोटिफिकेशन पाठवत नाही. एकच जपा, ज्या नावाचा अर्थ कळत नाही ते काढू नका, लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप) नाहीतर सिस्टिम यूआय (वरची पट्टी, नोटिफिकेशन दाखवणारा भाग) उडवलं तर फोन चालू होऊन नुसता काळा दिसेल. मी नानांच्या फोनमधली २२ काढली, एकेक करून, प्रत्येकाचं नाव आधी शोधून. दोन तास गेले.

याच्याही पुढे जायचं असेल तर कंपनीची सिस्टिमच काढून लीनिएजओएस ही अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरची मोफत सिस्टिम टाकायची, सायनोजेनमॉड ही तशीच जुनी सिस्टिम २०१६ मध्ये बंद पडल्यावर त्याच कोडमधून ती उभी राहिली, आणि त्यात गूगल नसतंच, ॲपसाठी एफ-ड्रॉइड हे खुल्या कोडच्या ॲपचं दुकान घ्यायचं. ग्राफीनओएस सुरक्षेला त्याहून भारी, पण ती आजवर गूगलच्याच पिक्सेल फोनसाठी बनत आलीये. फोन घ्यायच्या आधी त्यांच्या यादीत मॉडेल आहे का बघा, नंतर नाही, कारण बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडू देणाऱ्या कंपन्या कमी होत चालल्यात, आणि उघडला की फोनमधलं सगळं पुसलं जातं.

पण खरी अडचण बँकेची आहे. बरीच बँकेची आणि यूपीआयची ॲप गूगलला विचारतात की हा फोन मंजूर केलेला आहे का, आणि उत्तर नाही आलं तर उघडतच नाहीत. भाजीवाल्यापासून मेडिकलपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लावलेला, मग माणूस काय करणार, परत कंपनीच्याच सिस्टिमवर येतो. कोरा फोन बनवणं अशक्य नाहीये, २०१४ मध्ये मोझिलाची फायरफॉक्स ओएस घेऊन १९९९ रुपयांचा फोन भारतात आला होता, पण त्यावर अधिकृत व्हॉट्सॲप कधी आलंच नाही, आणि व्हॉट्सॲप नसलेला फोन इथे कोण घेणार. त्यातूनच पुढे काइओएस निघाली जी २०१७ च्या जिओफोनमध्ये होती, त्याच्यावर मात्र पुढच्या वर्षी व्हॉट्सॲप आलं. म्हणून माझी मागणी साधीये, फोनचे पैसे मी दिलेत तर त्यातलं काय ठेवायचं ते मी ठरवणार, आणि ते ठरवलं म्हणून बँकेने दार लावायचं नाही.

मी स्वतः दोन फोन वापरतो, जुन्यावर लीनिएजओएस आणि दुसऱ्यावर फक्त बँक. नानांना ते जमणार नाही म्हणून त्यांच्या फोनवर एडीबीवरच थांबलो. मागच्या महिन्यात अपडेट आला आणि काढलेल्यातली चार ॲप परत आली, ती रविवारी गावी गेल्यावर काढली. काढलेल्या ॲपची यादी वहीत लिहून ठेवलीये, तुमच्या फोनचं मॉडेल खाली लिहा, त्यातली कुठली तुमच्याकडे आहेत ते बघून सांगतो.