टॉवेल धरून बसलेली मुलगी

पत्र: यजमानांची मंगळुरूला बदली झाली तेव्हा, 2007 साली, मी जवळच्या मुळकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकले. चार वर्षं जवळजवळ दर रविवारी पाण्यात असायचे. लेक नऊ वर्षांची, टॉवेल धरून किनाऱ्यावर बसायची. मग बडोद्याला परतलो, सासूबाईंचं आजारपण, संसार. आता मी 56 वर्षांची. पुन्हा जावंसं वाटतं. परवा घरी कोणी नसताना सतरंजीवर पालथी झोपून, सर्फिंगच्या बोर्डवर उठतात तसं एका झटक्यात उठून पाहिलं, तर गुडघ्यावरच कोसळले. लेक म्हणते, ‘आई, या वयात हे काय वेड?’ तिचं बरोबर आहे का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

ताई,

लेकीचं नंतर. आधी ती सतरंजी. दार लावून, कुणी बघणार नाही अशा वेळी तुम्ही स्वतःची परीक्षा घेतलीत आणि नापास ठरवून मोकळ्या झालात. इतक्या वर्षांनी पहिल्याच झटक्यात कोण उठेल हो? ती हालचाल अर्धा सूर्यनमस्कारच आहे, भुजंगासनातून पाय पुढे घेण्याची. रोज सकाळी सावकाश दहा वेळा करा. सुरुवातीला एक गुडघा टेकवून उठलात तरी चालेल.

खरी दमछाक बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारण्यात होते, हे मी तुम्हाला काय सांगणार! बडोद्याला जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा. तिथे चिखल, आणि भरती-ओहोटीत दहा-दहा मीटरचा फरक, त्यामुळे तिकडे बोर्ड नेण्याचा विचारही नको. खांदे तरणतलावातच तयार करा, तीन महिने, आठवड्यातून तीनदा. त्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हाडांची घनता तपासून घ्या. पाळी गेल्यावर हाडं झिजतात, त्यामुळे हे टाळू नका.

पावसाळ्यात मुळकीच्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत लाटा लहान, सौम्य असतात, तेव्हा जा. बडोद्याहून उडुपीला कोकण रेल्वेची थेट गाडी आहे, तिथून मुळकी जवळच. पूर्वीचा आखूड बोर्ड मागू नका. नऊ फुटी, मऊ फोमचा घ्या. तो जास्त तरंगतो, लाट लवकर धरतो आणि उठायला थोडी जास्त सवड देतो. यात कमीपणा वाटला तर तो मनातच ठेवा, पण बोर्ड नऊ फुटीच घ्या.

आता लेक. माझ्या मते ती चुकते आहे, पण तिच्यावर रागावू नका. टॉवेल धरून बसलेल्या त्या पोरीला आई दर लाटेआड दिसेनाशी व्हायची, आणि पुन्हा डोकं वर येईपर्यंत तिने काय सोसलं असेल, हे तुम्ही कधी विचारलंत का? तिला विचारा. परवानगी मागू नका, जाणार आहात एवढं सांगा, आणि तिचंही तिकीट काढा. पहिले दोन दिवस प्रशिक्षकाबरोबर कमरेएवढ्या पाण्यात, फुटलेल्या लाटांच्या फेसातच राहा. तिथे तुम्ही तिला किनाऱ्यावरून सारा वेळ दिसाल.