आजीचा अंगठा आणि तुझी नोकरी

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावी रेशनच्या मशीनवर आजीचा अंगठा येत नाही. दोनदा ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. मला डिजिटल हक्कांसाठी काम करायचंय. बाबा म्हणतात, अशी नोकरीच नसते. इंजिनिअरिंग सोडून लॉ करू का?

उत्तर : सोडू नकोस. या क्षेत्रात कायदा जाणणारे बरेच आहेत, यंत्रणा उकलून सांगणारे फार थोडे. कापूस वेचून रेषा झिजल्या, रेंज नव्हती, की सर्व्हर अडला? आजीला उत्तर एकच मिळतं, ‘मशीन घेत नाही’. या तीन शब्दांमागे काय दडलंय ते तू शोधू शकतोस.

२०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने रेशनसाठी आधार कायम ठेवलं. न्या. चंद्रचूड यांचं विरोधी मत मात्र सावकाश वाच. अंगठा न जुळल्याने कोण वगळलं जातं, याचा विचार त्यात आहे.

बाबांची काळजी खरी आहे. दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, बेंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी अशा डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या संस्थांत जागा मोजक्या असतात, सुरुवातीचा पगारही आयटीपेक्षा कमी. हे त्यांच्यापासून लपवू नकोस. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे बँका, विमा कंपन्या, हॉस्पिटलं यांना तंत्रज्ञान आणि कायदा दोन्ही कळणारी माणसं लागणार. दोन-तीन वर्षं तिथे काढलीस तरी ध्येय सुटलं असं मी मानणार नाही. धोरणाकडे थेट जायचं असेल तर लॅम्प फेलोशिप बघ : कुठल्याही शाखेचा तरुण पदवीधर चालतो, काम खासदाराबरोबर. तीन वर्षांचं लॉ पदवीनंतर सीईटी देऊनही करता येतं.

वकील होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. पालघरमध्ये २०१२ साली फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली, तेव्हा याचिका करणारी श्रेया सिंघल वकील नव्हती. ऑनलाइन पोस्टवरून अशी अटक ज्याखाली व्हायची, ते आयटी कायद्याचं कलम ६६अ २०१५ मध्ये रद्द झालं.

या महिन्यात एक कर. तहसीलच्या पुरवठा शाखेत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाक : सहा महिन्यांत तुमच्या दुकानात अंगठा न जुळल्याने किती व्यवहार अडले, त्यातल्या किती जणांना दुसऱ्या मार्गाने धान्य दिलं? मसुदा आधी मला पाठव. आणि आजीला धान्य मिळालं का, तेही कळव.