लॅब परीक्षेत टीसीएल स्क्रिप्ट, एलियास, नोटपॅड: काय वापरावं, काय सोडावं

तुमचा प्रश्न असा की सीसीआयईच्या (सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या) लॅब परीक्षेत टीसीएलची (स्क्रिप्ट लिहायच्या एका भाषेची) पिंग स्क्रिप्ट, म्हणजे पत्ते लागतात का ते तपासणारी, एलियास (कमांडना दिलेली छोटी नावं) आणि नोटपॅडमधून पेस्ट करणं हे चालतं का, आणि त्यावर किती वेळ घालवावा.

टीसीएल शेल सिस्को राउटरच्या आयओएस सिस्टिममध्येच आहे, तो वापरण्यात लबाडी काही नाही. फक्त आत जाताना स्वतःचे कागद, फाइल्स काही नेता येत नाहीत. जे काही वापराल ते तिथे बसून आठवणीने टाइप करायचं. त्यामुळे शेवटी छान तक्ता काढून दाखवणाऱ्या लांबलचक स्क्रिप्ट नेटवर सापडतात, त्या खुशाल विसरा. शिवाय आठ तासांपैकी पहिले तीन डिझाइनचे, तिथे डिव्हाइसला हातच लागत नाही. शॉर्टकटचा जो काही फायदा आहे तो उरलेल्या पाच तासांत.

पाठ करण्यासारखी स्क्रिप्ट एकच. फॉरईच (यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम पुन्हा करणारा लूप), मग एखादं नाव, महिरपी कंसात पत्त्यांची यादी, दुसऱ्या महिरपी कंसात पिंग आणि डॉलर लावून तेच नाव. यादीचा बंद होणारा कंस आणि पुढचा उघडणारा कंस एकाच ओळीत हवेत, मध्ये स्पेस सोडून. दुसरा कंस खालच्या ओळीवर नेलात की टीसीएल लगेच एरर फेकतं. आणि कंस बंद करायचा राहिला तर प्रॉम्प्टच्या जागी +> येऊन बसतं, पुढे टाइप कराल ते सगळं गिळत राहतं. राउटर हँग झाला असं वाटून लोक इथे घाबरतात. तो तुमच्या कंसाची वाट बघत असतो, बाकी काही नाही.

आता खरा वेळ कुठे जातो ते बघा. साधा पिंग पाच पॅकेट पाठवतो आणि प्रत्येकासाठी दोन सेकंद थांबतो, म्हणजे न लागणाऱ्या एका पत्त्यामागे १० सेकंद. असे २० पत्ते असतील तर तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसते ठिपके (उत्तर न आल्याची खूण) बघत बसायचं. कंट्रोल-शिफ्ट-६ दाबलं तर चालू पिंग तेवढा थांबतो, लूप पुढच्या पत्त्यावर जातो. म्हणून पिंगमध्ये पत्त्यापुढे रिपीट २ टाइमआउट १ लावायचं, तेच काम ४० सेकंदांत होतं. रिपीट १ मात्र नको. इथरनेटवर एआरपी (शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता शोधणं) व्हायच्या आधीचं पहिलं पॅकेट बहुतेक वेळा पडतंच, आणि मग चांगला चालणारा पत्ता तुम्हाला बंद दिसतो.

पत्ते गोळा करायला शो आयपी एलियासेस ही कमांड बघा (वरच्या एलियासशी तिचा संबंध नाही), इंटरफेस ब्रीफपेक्षा छाटायला सोपं जातं. सगळ्या राउटरची यादी एकदाच नोटपॅडमध्ये करून ठेवा. रिडिस्ट्रिब्युशनच्या (एका राउटिंग प्रोटोकॉलचे राउट दुसऱ्यात टाकण्याच्या) आधी स्क्रिप्ट एकदा चालवा आणि नंतर पुन्हा चालवा, कारण आधी लागणारं जे नंतर लागत नाही तेच शोधायचं असतं.

पण पिंग लागला म्हणजे गुण मिळाले असं धरून चालू नका. दोन राउटरवर ईआयजीआरपी आणि ओएसपीएफ या दोन राउटिंग प्रोटोकॉलांचं दोन्ही दिशांनी रिडिस्ट्रिब्युशन आहे असं समजा. ईआयजीआरपीच्या एक्स्टर्नल (बाहेरून आलेल्या) राउटचं डिस्टन्स (कमी असेल तो राउट निवडला जातो) १७०, ओएसपीएफचं ११०. पहिल्या राउटरने तो राउट ओएसपीएफमध्ये टाकला की दुसऱ्याला तो ओएसपीएफकडूनही कळतो, आणि ११० कमी म्हणून दुसरा राउटर शेजारचा सरळ रस्ता सोडून पहिल्या राउटरकडून वळसा घालतो. वळसा घालूनही पॅकेट पोचत असेल तर स्क्रिप्टमध्ये सगळी उद्गारचिन्हंच (पिंग लागल्याची खूण) दिसणार. प्रश्नात ट्रॅफिकचा मार्ग सांगितलेला असेल तर त्याचे गुण तिथेच गेले. सोर्सचंही तसंच. सोर्स न देता केलेला पिंग बाहेर पडणाऱ्या इंटरफेसच्या पत्त्यावरून जातो, लूपबॅककडे (राउटरच्या आभासी इंटरफेसकडे) परतीची वाट आहे की नाही ते त्यातून कळत नाही. मार्ग तपासायला शो आयपी राउट आणि निवडक दोन-तीन पत्त्यांवर ट्रेसराउट (वाटेतले राउटर दाखवणारी कमांड) पुरे. ट्रेसराउट लूपमध्ये घालायच्या फंदात पडू नका. दर हॉपला (वाटेतल्या टप्प्याला) तीन प्रोब, प्रत्येकी तीन सेकंद, असे ३० हॉप, म्हणजे न लागणाऱ्या एकाच पत्त्यावर साडेचार मिनिटं जातात.

एलियासबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ते रनिंग कॉन्फिगमध्ये (डिव्हाइसच्या चालू सेटिंगमध्ये) जाऊन बसतात. न मागितलेलं काही कॉन्फिगमध्ये राहू नये, म्हणून शेवटी प्रत्येक डिव्हाइसवरून काढत बसायचं. टॅब आणि लघुरूपं बोटांत बसलेली असतील तर एलियासने वाचणारा वेळ नगण्य आहे.

नोटपॅड मात्र हवंच. एका राउटरचं कॉन्फिग लिहा आणि रिप्लेसने बाकीच्यांचं करा. बदलायच्या जागी आकडा ठेवू नका, १० चे २० करताना १०० चं २०० होतं. तिथे तीन-चार स्टार किंवा असंच वेगळं काहीतरी लिहा. उलट प्रश्न विचारणाऱ्या कमांड पेस्टमध्ये घालू नका. आरएसए की (एन्क्रिप्शनची किल्ली) बनवताना मॉड्युलस (किल्लीची लांबी) सोबत दिला नाही तर राउटर तो विचारतो आणि तुमची पुढची ओळ उत्तर म्हणून खातो. ओएसपीएफ प्रोसेस क्लिअर करणंही हातानेच.

पायथन अभ्यासक्रमात आहे, पण तिथे तो प्रश्नाचा विषय म्हणून येतो. स्वतःच्या सोयीसाठी गेस्ट शेल (डिव्हाइसवर पायथन चालवायची जागा) चालू करायला गेलात तर त्यासाठी आणखी कॉन्फिग घालावं लागतं. तपासणीसाठी टीसीएल पुरतं.

सराव म्हणाल तर स्क्रिप्टची फाइल सेव्ह करून ठेवू नका. घरच्या लॅबवर दर वेळी कोऱ्या नोटपॅडपासून सुरुवात करा, आणि परीक्षेतलं नोटपॅड साधं असतं असं धरून एडिटरमधलं रंगीत कंस दाखवणारं सेटिंग बंद ठेवा.