चष्मा काळाकुट्ट, तरी पाण्यातलं काही दिसेना

पावसाळा सरला आणि नदीचं पाणी जरा निवळलं की गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाणाऱ्यांची पत्रं सुरू होतात, पण यंदा मासे कुठे लागतात हे विचारणारी पत्रं कमी आणि डोळे चुरचुरतात म्हणणारी जास्त आहेत. बरंच झालं, कारण गरी टाकण्यातलं माझं ज्ञान बेताचंच, पण चष्म्याच्या दुकानात काउंटरच्या मागे अकरा वर्षं काढलीत त्यामुळे या विषयावर दोन शब्द हक्काने बोलू शकतो.

प्रश्न : मी गोव्यातल्या शिवोलीचा, शापोरा नदीवर रविवारी गरी घेऊन बसतो. किनाऱ्यावरच्या एका स्टॉलवरून तीनशे रुपयांना एकदम काळा गॉगल घेतला. घातला की सगळं अंधारं होतं पण पाण्यावरची चमक आहे तशीच, वर दोन तासांत डोकं दुखतं. शेजारी बसणाऱ्याच्या चष्म्याची काच माझ्याहून फिकी, तरी त्याला पाण्याखालचे दगड दिसतात म्हणे. अजून काळा घेऊ का?

नको हो, अजून काळा घेतलात तर तुम्हाला तुमची गरीसुद्धा दिसायची नाही. हीच चूक मी स्वतः केलीय, दुकानात लागायच्या आधी, आणि वर चार जणांना तोच गॉगल घ्यायलाही लावलेला, त्यामुळे हसत नाही.

तुमच्या शेजाऱ्याचा चष्मा पोलराइज्ड आहे, फरक एवढाच. उन्हाचा प्रकाश वर-खाली, आडवा-तिरका सगळीकडे थरथरत येतो, पण सपाट पाण्यावर आपटून उसळला की ती थरथर जास्त करून आडवी होते. पोलराइज्ड काचेत जी फिल्म असते ती समजा खिडकीच्या उभ्या गजांसारखी, काठी आडवी धरून आत घालायला गेलात तर अडकते, उभी धरली की सरळ जाते. म्हणजे आडवी चमक अडते आणि पाण्याखालून येणारा साधा प्रकाश बऱ्यापैकी आत येतो, म्हणून काच फिकी असून दगड दिसतात. नुसती काळी काच काय करते, तर चमक आणि दगड दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी करते. घरातला टीव्ही नीट ऐकू येत नाही म्हणून कानात कापूस घालण्यासारखं.

ही फिल्म एडविन लँड नावाच्या अमेरिकन माणसाने काढली, १९२९ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे पोलरॉइड कंपनीही त्यानेच उभी केली. म्हणजे गोष्ट नवी नाही, आपल्याकडे दुकानदार अजून "सर, हा बघा, डार्क आहे" एवढंच सांगतात हे दुर्दैव.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. ही जादू दिवसभर सारखी चालत नाही. सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंश वर असतो तेव्हा पाण्यावरची चमक जवळजवळ पूर्ण आडवी असते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आसपास आणि दुपारी चारनंतर थोड्या वेळाने, तेव्हा पोलराइज्ड चष्मा घातला की पडदा बाजूला केल्यासारखं होतं. एप्रिल अखेरीला भर दुपारी गोव्यात सूर्य जवळपास डोक्यावर येतो तेव्हा होडीतून सरळ खाली बघितलंत तर फार फरक पडत नाही, आणि सूर्य मावळायला टेकला असताना किनाऱ्यावरून पश्चिमेकडे बघत असाल तर तेव्हाही नाही. तेव्हा पैसे वाया गेले असं समजू नका, डोक्यावर पुढे मोठी झडप असलेली टोपी घाला. खरं तर टोपी नेहमीच घाला, वरून येणारा उजेड चष्म्याच्या आतल्या बाजूवर पडला की स्वतःचेच डोळे काचेत दिसतात.

आणि मान थोडी डावी-उजवीकडे कलवून बघा, काही वेळा तेवढ्याने चमक अजून कमी होते. लोकांना वाटेल याची मान आखडली, वाटू दे.

डोकेदुखीचं म्हणाल तर स्वस्त काचेत सपाटपणा नसतो, डोळा सारखं जुळवून घेत राहतो, हे एक कारण असू शकतं. पण त्याहून काळजीची गोष्ट वेगळीच. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि काच अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे उन्हातले न दिसणारे यूव्ही किरण, अडवत नसेल तर उघड्या डोळ्यापेक्षा जास्त यूव्ही आत जाऊ शकतो, म्हणजे चष्मा घालून नुकसान. म्हणून "यूव्ही ४००" लिहिलेला बघा, ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात असा त्याचा अर्थ. आता लिहिणं काय, स्टॉलवालाही स्टिकर चिकटवतो, त्यामुळे चष्म्याच्या दुकानातून बिलावर घ्या आणि त्यांच्याकडे यूव्ही मोजायचं मशीन असेल तर त्यावर ठेवायला लावा, पाच सेकंदांचं काम असतं, कोणी नाही म्हणत नाही.

पोलराइज्ड आहे का हे मात्र तुम्ही स्वतः बघू शकता. दुकानात दोन पोलराइज्ड चष्मे मागा, एकाची काच दुसऱ्याच्या पुढे धरा आणि एक हळूहळू उभा फिरवा. काटकोनात आला की काळोख व्हायला हवा. नाही झाला तर दोघांपैकी एक थापाड्या आहे. मोबाइलच्या स्क्रीनवर फिरवूनही बघतात पण काही मोबाइलवर फरक कळत नाही, मग चांगल्या चष्म्यावर उगाच आळ येतो.

प्रश्न : काचेचा रंग कुठला घ्यावा? ग्रे, ब्राऊन, पिवळा, निळा आरसा… दुकानात गेलं की गोंधळ होतो. मी कधी दिवाडीच्या बाजूला मांडवीच्या काठावर, कधी मित्राच्या होडीतून बाहेर दर्यात जातो. — एक वाचक, जुने गोवे

एकच घेणार असाल तर ब्राऊन किंवा तांबूस, अंबर म्हणतात तो. आपल्या नद्यांचं पाणी गढूळ, हिरवट, काठाला चिखल आणि कांदळवन, तिथे तांबूस काचेतून पाण्याचा आणि माशाचा रंग जरा वेगवेगळा उठून दिसतो, सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी शेवटे माशांचा थवा वळला की कळतो. ग्रे काच रंग आहेत तसे दाखवते आणि उघड्या दर्यावर, जिथे डोक्यावर ऊन आणि खाली निळं पाणी, तिथे डोळ्याला थंड वाटते. तुमचं दर्यात जाणं जास्त असेल तर ग्रे. पिवळा फक्त पहाटे किंवा ढगाळ दिवसाला, उन्हात घालाल तर शिव्या घालाल.

निळा आरसा, हिरवा आरसा हे बाहेरून दिसतं तेवढंच, खरा रंग आतल्या काचेचा. आरशाने थोडा उजेड कमी होतो, पण खरवडला की ठिपके ठिपके दिसतात, मला आवडत नाही.

काळेपणाचे आकडे असतात, शून्य ते चार, चष्म्याच्या काडीच्या आत बघा. तीन नंबरमधून ८ ते १८ टक्के उजेड येतो, आपल्या उन्हाला तोच बरोबर. चार नंबर गाडी चालवताना घालायचाच नाही, त्यातून फक्त ३ ते ८ टक्के येतो.

आणि हो, मासा दिसला म्हणून दिसतो तिथेच गरी टाकू नका, पाण्यामुळे तो आहे त्यापेक्षा वर वाटतो, चष्मा चमक घालवतो, हा फसवा भाग तसाच राहतो.

प्रश्न : मला लांबचा नंबर आहे, शिवाय आता जवळचाही लागलाय, एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला प्रोग्रेसिव्ह वापरतो. गरी बांधताना दिसायला हवं आणि लांबही. काय करू? — मडगाव

प्रोग्रेसिव्हमध्ये पोलराइज्ड मिळतं, पण माझं ऐकाल तर गरवायला ते घेऊ नका. खडपांवर उतरताना तुम्ही पायाकडे बघणार चष्म्याच्या खालच्या भागातून, तिथे जवळचा नंबर, म्हणजे दगड पुसट, आणि आपले खडप कसे असतात, शेवाळ आणि धारदार कालवं, एकदा पाय सरकला की संपलं. नुसता लांबच्या नंबरचा पोलराइज्ड करून घ्या आणि गाठ मारायला एक स्वस्तातला वाचायचा चष्मा दोरीने गळ्यात. दिसायला आजोबांसारखं दिसतं, चालतं.

नंबर मोठा असेल तर कानापर्यंत वळलेली फ्रेम घेताना जपून, कडेला सगळं वाकडं वाटतं. त्यापेक्षा साध्या चष्म्यावर चढवायचा मोठा पोलराइज्ड कव्हर-चष्मा मिळतो तो बाजूने पण झाकतो. चष्म्यावर चिमट्याने अडकवायचा क्लिप-ऑन हलका, पण बाजूने ऊन येतंच.

उन्हात आपोआप काळी होणारी काच चालेल का असंही काही जण विचारतात. त्या काचा गरम हवेत पूर्ण काळ्या होत नाहीत, आणि आपल्याकडे हवा गरम नसते कधी? शिवाय बहुतेक पोलराइज्ड नसतात.

प्रश्न : दादा, माझे बाबा काणकोणला होडीवर जातात, कधी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला पण. वय ५८. डोळ्यात कोपऱ्यातून मांस वाढलंय, लाल होतं. चष्मा घाला म्हटलं की म्हणतात, आमच्या बापजाद्यांनी कधी घातला?

ताई, पहिलं काम म्हणजे बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, चष्म्याचं नंतर. टेरिजियम म्हणतात याला, ऊन, वारा, धूळ यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना होतं, कोळ्यांमध्ये खूप दिसतं. बुबुळावर चढायला लागलं तर नजर बिघडते आणि मग ऑपरेशन, ते काढल्यावर परत येऊही शकतं. चष्म्याने झालेलं जाणार नाही, पण रोजचा मारा कमी होईल. ऊन फक्त वरून नाही, पाण्यावरून आणि वाळूवरूनही उसळतं, म्हणून बाजूने बंद असलेला चष्मा हवा.

समजवायचं कसं? डोळ्याचं नाव काढू नका. एकदा चांगला पोलराइज्ड चष्मा सकाळी नऊला त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, बाबा, बघा तारले माशांचा थवा दिसतो का. माझ्या काकाला असंच पटवलं, आता तो चष्मा कोणाला हात लावू देत नाही. पॉलीकार्बोनेटची, म्हणजे मजबूत प्लास्टिकची काच घ्या, हलकी, यूव्ही मुळातच अडवते आणि दोरीला बांधलेलं शिसं किंवा गळ उसळून आला तर फुटत नाही, हे तर डोळ्यासाठी उन्हाइतकंच महत्त्वाचं. मागे दोरी हवीच, नाहीतर पहिल्या लाटेला चष्मा माशांना.

घरी आल्यावर लुंगीला पुसायचा नाही हे मात्र बजावून ठेव. सुकलेलं मीठ म्हणजे काचेवर कानस. आधी नळाखाली धरायचा, मग मऊ कापड. आणि काही डास-मलमांत डीट नावाचं रसायन असतं ते प्लास्टिक खातं, मलम लावलेला हात काचेला लागू देऊ नका.

प्रश्न : परतताना स्कूटरवर तोच चष्मा चालेल ना? — डिचोली

ऊन असेपर्यंत चालेल. पण ओल्या रस्त्याची, सांडलेल्या तेलाची चमकही तो खातो, त्यामुळे निसरडं कुठे आहे ते चटकन कळत नाही, वळणावर सांभाळून. सूर्य मावळला की काढून डबीत टाका, पिवळी काच पण रात्री नको, हेल्मेटची साधी पांढरी व्हायझर पुरे. डबी मात्र डिकीत उन्हात ठेवू नका, फिल्मचे थर सुटतात, माझा एक असाच गेला.