भाड्याच्या घरातील पाच लाखांची सुधारणा आणि न कापलेला कर

पुण्यातील सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचकाने लिहिले आहे: "आम्ही दोन वर्षांपासून महिना २६,००० रुपये भाड्याने दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. अनामत १ लाख रुपये आहे आणि करार दर अकरा महिन्यांनी नवा होतो. घरमालक आठ वर्षांपासून न्यू जर्सीला स्थायिक आहेत. भाडे मी दर महिन्याला त्यांच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचे भारतातील उत्पन्न जमा होते ते खाते) पूर्ण भरतो आणि त्यांचा पॅन देऊन कार्यालयात एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्यावरील करसवलत घेतो. स्वयंपाकघर जुने झाले आहे, बाथरूममधून खालच्या घरात पाणी झिरपते. मॉड्युलर किचन, बाथरूमचे वॉटरप्रूफिंग आणि फरशी, भिंतीतील कपाटे, रंग या सर्वांचा कंत्राटदाराने ५ लाखांचा अंदाज दिला आहे. मालक म्हणतात, खर्च तुम्ही करा, मी तीन वर्षे भाडे वाढवणार नाही, आणि पुढे फ्लॅट विकला तर तुम्हालाच विकेन. बँक तीन वर्षांसाठी १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज देते आहे, मात्र सोबत १५,००० रुपयांचा विमा घ्यावा लागेल म्हणते. हा खर्च मी करावा की मालकांनी?"

विचारलेल्या प्रश्नाचा हिशोब आधी करू. या कर्जाचा हप्ता महिन्याला साधारण १७,००० रुपये येईल आणि विम्यासह तीन वर्षांत सव्वासहा लाखांहून थोडे अधिक जातील. भाडे एरवी दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले असते असे धरले, तर ते न वाढल्याने तीन वर्षांत वाचतात सुमारे ४७,५०० रुपये. कर्जाचे व्याजच १ लाख १५ हजार आहे. त्याचा निम्मा भागही या सवलतीतून निघत नाही. भाडे आणि हप्ता मिळून तुम्ही महिन्याला ४३,००० रुपये मोजाल, आणि शेवटी ओटा, कपाटे, फरशी सारे मालकांच्या घरात राहील. हा व्यवहार करू नका. विम्याबद्दल सांगायचे तर कर्जासोबत विमा घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही. तसे सांगणारा कर्मचारी स्वतःचे विक्रीचे उद्दिष्ट पूर्ण करत असतो; त्याच्याकडे सक्तीचा नियम लेखी मागा.

मात्र मला काळजी वाटते ती तुम्ही न विचारलेल्या गोष्टीची. मालक आठ वर्षे अमेरिकेत आहेत आणि भाडे एनआरओ खात्यात जाते, म्हणजेच ते आयकराच्या दृष्टीने अनिवासी आहेत. निवासी मालकाला दिलेले भाडे महिना ५०,००० रुपयांपेक्षा अधिक असेल तरच तुमच्यासारख्या पगारदाराला कर कापावा लागतो, आणि बहुधा तोच नियम ऐकून तुम्ही निर्धास्त राहिला असाल. अनिवासी मालकाला ही मर्यादा लागू नाही. आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९५ नुसार पहिल्या रुपयापासून, उपकरासह ३१.२ टक्के कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी भाडे देणाऱ्याची होती, आणि अनिवासी मालकाच्या भाड्यावर कर कापण्याचे हे बंधन पुढेही आहे. २६,००० रुपयांवर हा कर महिन्याला सुमारे ८,१०० रुपये होतो. दोन वर्षांचा १ लाख ९५ हजार, शिवाय त्यावर दरमहा १ टक्का व्याज. कायद्याच्या भाषेत तुम्ही 'कसूरदार करदाते' ठरता आणि ही रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. एचआरएसाठी मालकांचा पॅन तुम्ही स्वतः दिलेला असल्यामुळे हा व्यवहार आयकर खात्याच्या नोंदीत आधीच आहे.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग आहे, परंतु तो मालकांच्या सहकार्याने जातो. त्यांनी या दोन्ही वर्षांचे विवरणपत्र भरले असेल, त्यात हे भाडे दाखवले असेल आणि देय कर भरला असेल, तर सनदी लेखापालाकडून ठरावीक नमुन्यात तसे प्रमाणपत्र घेता येते. मग मूळ कर तुमच्या अंगावर येत नाही, फक्त त्यांनी विवरणपत्र भरेपर्यंतचे व्याज द्यावे लागते. विवरणपत्र भरलेच नसेल, तर कर तुम्हाला पदरचा भरून नंतर त्यांच्याकडून मागावा लागेल, म्हणून तो पुढील भाड्यातून वळता करण्याची लेखी संमती आताच घ्या. या महिन्यापासून तुम्ही टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला लागणारा क्रमांक, काढून कर कापू लागा, तो पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरा आणि अनिवासींसाठीचे तिमाही विवरणपत्र वेळेवर दाखल करा, कारण तेथील विलंबशुल्क दिवसाला २०० रुपये आहे. मालकांना हा कर जाचक वाटेल. त्यांचे वर्षाचे भाडे ३ लाख १२ हजार. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेल्यावर उरतात सुमारे २ लाख १८ हजार, आणि भारतात त्यांचे दुसरे उत्पन्न नसेल तर ही रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत आहे. तेव्हा त्यांनी कमी किंवा शून्य दराने करकपातीचे प्रमाणपत्र मिळवावे. तो अर्ज मात्र त्यांनाच करावा लागतो आणि ते प्रमाणपत्र हाती येईपर्यंत तुम्ही पूर्ण दरानेच कर कापला पाहिजे.

ही ३० टक्क्यांची वजावट तुमच्या मूळ प्रश्नाशीही जोडलेली आहे. घरमालकाने दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च केला नाही तरी वर्षाला ९३,६०० रुपये त्याच्या करपात्र उत्पन्नातून सरसकट वगळले जातात. दुरुस्तीसाठीची ही सवलत ते घेणार आणि गळणारे बाथरूम तुम्ही कर्ज काढून दुरुस्त करणार, याचे समर्थन कसे करायचे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ ने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे फक्त राहण्याची परवानगी देणारा असल्यामुळे तुम्ही त्या अर्थाने भाडेकरू नाही, आणि म्हणूनच कराराचे शब्द तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचे ठरतात. खालच्या घरातील गळतीची तक्रार सोसायटी सदस्याकडे, म्हणजे मालकांकडेच करील. वॉटरप्रूफिंग, फरशी आणि नळकाम यांचा खर्च निर्विवाद त्यांचा आहे. किचन आणि भिंतीतील कपाटेही त्यांच्याच मालमत्तेची किंमत वाढवतात. बिले त्यांच्या नावाने असतील, तर फ्लॅट विकताना भांडवली नफा मोजताना हा सुधारणेचा खर्च त्यांना दाखवता येईल, हे त्यांना जरूर सांगा. तुम्ही पैसे घालायचे ते घर सोडताना उचलून नेता येईल अशा वस्तूंवर: सुटे कपाट, चिमणी, वॉटर प्युरिफायर.

"तुम्हालाच विकेन" या शब्दांवर एक पैसाही लावू नका. किंमत ठरलेली नाही, मुदत ठरलेली नाही, कागद नाही. उद्या खरोखर व्यवहार झाला, तर तुमच्याच पैशांनी सजलेल्या फ्लॅटची वाढीव किंमत तुम्हाला सांगितली जाईल. तीन वर्षे भाडे न वाढवण्याचे आश्वासनही अकरा महिन्यांच्या करारापुढे टिकत नाही. मालकांचा सज्जनपणा खरा असेल, तर ते ३६ महिन्यांचा नोंदणीकृत करार करतील. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे लहान मुदतीने काहीच साधत नाही. तुमच्या भाड्यावर व अनामतीवर ३६ महिन्यांचे मुद्रांकशुल्क सुमारे २,४०० रुपये आणि नोंदणीशुल्क १,००० रुपये, म्हणजे दलालाचे शुल्क सोडून सारे चार हजारांत बसते.

या करारात भाडे, मुदत, दोन्ही बाजूंचा लॉक-इन (ठरलेल्या काळात करार न मोडण्याचे बंधन), करकपात आणि मोठ्या दुरुस्तीची जबाबदारी स्पष्ट लिहून घ्या. मालकांना तूर्त रोख रक्कम देणे जमत नसेल, तर गळतीचे काम तुम्ही करून तेवढाच खर्च भाड्यातून वळता करण्याचे कलम घालता येईल. कर मात्र तेव्हाही पूर्ण २६,००० रुपयांवर कापायचा. त्यांनी हेही नाकारले, तर १ लाखाची अनामत परत घेऊन दुसरे घर पाहा, आणि घर सोडण्यापूर्वी मागील दोन वर्षांच्या कराचा प्रश्न त्यांच्याकडून लेखी निकाली काढून घ्या, कारण किल्ल्या परत केल्यानंतर न्यू जर्सीतून तुमच्या ईमेलला उत्तर येण्याची शक्यता फार कमी राहील.