शंका-समाधान : मेकफाइल गेली कुठे?

प्रश्न : लॅपटॉपवर उबंटू आहे. ‘नॅनो’ या एडिटरचा सोर्स (मूळ कोड) उतरवून टारची फाइल उलगडली, फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक’ दिलं, तर ‘नो मेकफाइल फाउंड’ म्हणून थांबतं. फाइल अर्धवट उतरली असेल का?

उत्तर : फाइल ठीक आहे. ‘मेक’ ज्या फायलीतल्या सूचना वाचून प्रोग्राम बांधतं, ती मेकफाइल; नॅनोची मेकफाइल सोर्सबरोबर येत नाही. ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट तुमचं मशीन तपासून ती तयार करते, आणि तीच पायरी राहिली आहे.

आधी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ द्या. जीसीसी (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा, म्हणजे कंपाइल करणारा कंपायलर), मेक आणि सी लायब्ररीच्या हेडर फायली (लायब्ररीत काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या) एकदम येतात. मग त्याच फोल्डरमध्ये डॉट, स्लॅश आणि लगेच चिकटून ‘कॉन्फिगर’. डॉट-स्लॅश गाळलंत तर ‘कमांड नॉट फाउंड’ येईल, कारण शेल (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) चालू फोल्डरमध्ये आपणहून शोधत नाही.

आता गाडी बहुधा टर्मिनलच्या पडद्यावर मजकूर मांडणाऱ्या कर्सेस लायब्ररीपाशी अडेल. इथे नवखे हमखास गोंधळतात, कारण ती लायब्ररी मशीनवर असतेच. पण तो फक्त प्रोग्राम चालवण्यापुरता भाग. कंपाइल करायला लागणाऱ्या हेडर फायली ‘डेव्ह’ शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात असतात. इथे लिबएनकर्सेस-डेव्ह टाका आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. याच वेळी, प्रोग्राम कुठे बसवायचा ते सांगणाऱ्या ‘प्रिफिक्स’ पर्यायात होम फोल्डरमधल्या डॉट-लोकलचा पूर्ण पत्ता द्या, म्हणजे ‘मेक इन्स्टॉल’ला सुडो (ॲडमिनचे अधिकार) लागणार नाही आणि सिस्टिमच्या नॅनोला धक्का लागणार नाही. त्यानंतर ‘मेक’, मग ‘मेक इन्स्टॉल’. डॉट-लोकलमधलं बिन फोल्डर नव्यानेच बनलं असेल, तर एकदा लॉगआउट करून परत या. तोवर जुनाच नॅनो उघडेल.

मेक मध्येच कोसळलं तर शेवटची ‘एरर 1’ ही ओळ वाचत बसू नका. ती फक्त आधीची कमांड फसल्याचं सांगते. वर सरकत जाऊन ‘एरर’ शब्द असलेली पहिली ओळ गाठा. फायलीचं नाव, ओळ क्रमांक, खरं कारण तिथेच असतं.

प्रश्न : सी प्लस प्लसचा मोठा प्रोग्राम ‘मेक -जे8’ने कंपाइल करताना संगणक गोठतो, शेवटी ‘किल्ड’ येतं. रॅम 4 जीबी.

उत्तर : कोड निर्दोष आहे, मेमरी संपते आणि सिस्टिम कंपायलरच बंद पाडते, तेच ‘किल्ड’. -जे8 म्हणजे एका वेळी आठ कंपायलर, आणि सी प्लस प्लसची एखादी जड फाइल एकटीच 1 जीबी खाते. -जे2 द्या. तरी अडलं तर -जे1. झालेल्या फायली वाया जात नाहीत, मेक राहिलेल्यांपासूनच पुढे जातं.